एसीच्या आधी छप्पर

आमच्याकडे जुन्या इमारतीचं नूतनीकरण म्हटलं की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. बाहेरून चकचकीत एसीपी शीट, आतून पीओपीचं सीलिंग आणि एक एसी. पतपेढीपासून डॉक्टरांच्या क्लिनिकपर्यंत सगळीकडे हेच. त्यामुळे महाड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी फोन करून "दुरुस्तीला थोडे पैसे मिळतायत, तू लाइटमधली ना, जरा एस्टिमेट करून दे" असं सांगितलं, तेव्हा यादीत काय असणार ते मला न विचारताच कळलं.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. गाव पोलादपूर तालुक्यात, अकरावी-बारावी महाडला, आणि आता महाडमध्येच सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्मकडे नोकरी. याच वाचनालयात मी दोन वर्षं बसले आहे. कॉलेज सुटल्यापासून आमच्या गावाची शेवटची एसटी येईपर्यंत कुठेतरी बसायला जागा हवी असायची. हॉटेलात चहा घेऊन किती वेळ बसणार? स्टँडवर मुलीने किती वेळ थांबायचं? वाचनालयात कोणी विचारत नसे. पेपर वाचायला पैसे नव्हते, बसायला पैसे नव्हते. दारावर पाटी होती आणि अजून आहे: मुक्तद्वार वाचन विभाग.

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. एक तर समितीतले लोक रोज भेटतात. दुसरं म्हणजे नाव बदललं तरी इमारत तीच राहील. काळ्या दगडाचं जोतं, जांभ्याच्या भिंती, उंच खिडक्या. मूळ छप्पर कौलारू होतं. पुढे कधीतरी कौलं उतरवून स्लॅब टाकला, कारण तेव्हा स्लॅब म्हणजे प्रगती. स्लॅब गळायला लागला. मग त्यावर डांबर, मग डब्यातलं वॉटरप्रूफिंग, मग निळी ताडपत्री. कोकणातल्या निम्म्या सार्वजनिक इमारतींचा इतिहास एवढ्यात लिहून होतो.

कार्यवाह काकांच्या यादीत पहिला क्रमांक एसीचा होता. हॉलचा एक कोपरा काचेचं पार्टिशन टाकून वेगळा करायचा, तिथे बारा खुर्च्या, एक दीड टनाचा एसी, आणि स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी महिन्याची फी. "प्रायव्हेट अभ्यासिकेत पोरं काही शे रुपये भरतात की. आपल्याकडे भरतील. तेवढंच वाचनालयाला उत्पन्न," काका म्हणाले. यात काही लबाडी नव्हती. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला उत्पन्नाचा विचार करावाच लागतो.

मी एस्टिमेट करायला गेले ती मे महिन्यातली संध्याकाळ होती. सात वाजता टेबलावर उभी राहून स्लॅबला हात लावला. तव्यासारखा. ऊन जाऊन बराच वेळ झाला होता.

महाड समुद्रापासून आत आहे. भरतीचं पाणी बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत वर येतं, पण खाडीवरचा वारा काही तेवढ्या इमानाने येत नाही. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये आम्ही. २८ मार्च २०१७ ला आमच्या उत्तरेच्या भिऱ्यात ४६.५ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी देशभर फिरली होती. आम्हाला त्यात फार नवल वाटलं नाही. अशा हवेत काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी खाली सोडतो. म्हणजे कॉलेजची मुलं, एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेले कामगार, दुकान बंद करून पेपर वाचायला येणारे म्हातारे असे सगळे जेव्हा वाचनालयात येतात, नेमक्या त्या वेळी. पंखा फुल्ल केला की तो वरची तापलेली हवा खाली आणून डोक्यावर ओततो.

कौलांचं तसं नव्हतं. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौलं पश्चिम किनारा चढत वर आली. कौल तापतं, पण पातळ असतं, लवकर निवतं. दोन कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते. मध्ये एक काचेचं कौल बसवलं की दिवसा दिव्याची गरज नाही. आजीच्या स्वयंपाकघरात असं एक कौल होतं. दुपारी त्याचा उजेडाचा चौकोन चुलीपासून दारापर्यंत सरकायचा. ऊर्जा बचत हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. कौलांचे हाल पण होते: माकडं, वादळ, दर वर्षी परतणी. परतणी करणारे हात कमी झाले म्हणून लोक स्लॅबकडे गेले, ते काही वेडे नव्हते. पण स्लॅब टाकला म्हणजे छपराची काळजी मिटली, ही समजूत मात्र महागात पडली.

समितीला पटवायला मला मुंबईचं एक उदाहरण सापडलं. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय. टांकसाळ आणि गोदीतल्या कामगारांनी १८४७ मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून ते उभं राहिलं. मालाडच्या दगडाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. तिथेही १९६० च्या दशकात मूळ उतरतं छप्पर जाऊन काँक्रीटचा स्लॅब आला होता आणि तिथेही तो गळत होता. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली इमारतीचं जतन झालं, तेव्हा तो स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवलं गेलं. २०२३ मध्ये ग्रंथालय वाचकांना खुलं झालं. फोटोत लोक फरशा आणि झुंबरं बघतात. मी समितीला छप्पर दाखवलं.

"अगं, त्यांच्याकडे मोठमोठे देणगीदार आहेत," काका म्हणाले. बरोबर होतं. आमच्याकडे स्लॅब फोडून नवं छप्पर करण्याएवढे पैसे नव्हते. पण महाडात स्लॅबवर पत्र्याची शेड मारायची पद्धत जुनीच आहे, फक्त ती नीट मारली जात नाही. शेड चारी बाजूंनी बंद करून तिची अडगळीची खोली केली की खालचा उकाडा तसाच राहतो. दोन्ही टोकं उघडी ठेवली, पत्रा फिक्या रंगाचा घेतला, मधून वारा जायला जागा ठेवली, की ऊन पत्र्यावर थांबतं आणि स्लॅब सावलीत राहतो. पावसात नुसत्या पत्र्याखाली बसलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. खाली स्लॅब असल्याने तो आवाजही अडतो. म्हणजे ज्या स्लॅबला आम्ही शिव्या घालत होतो, त्याचाच उपयोग झाला.

पांढरा उष्णतारोधक रंग लावा, असंही एकाने सुचवलं. देशावर तो चांगला चालतो. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि पांढरं छप्पर काळं होतं. दर दिवाळीला घासून पुन्हा लावायची तयारी असेल तरच तो खर्च करावा.

मग मी हिशेब मांडला. तो इथेही मांडते, कारण तुमच्या गावच्या वाचनालयाला तो थोड्याफार फरकाने लागू पडेल.

हॉलमध्ये बारा पंखे, प्रत्येकी साधारण ७५ वॅट. सोळा जुन्या ट्यूब, चोक धरून प्रत्येकी ५२ वॅट. सगळं मिळून १,७३२ वॅट. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस चालवलं तर सुमारे ५,२०० युनिट. आता पंखे बीएलडीसी घेतले तर ३० वॅटचा एक, आणि एलईडी ट्यूब २० वॅटची. बेरीज ६८० वॅट. वर्षाला सुमारे २,०४० युनिट. वाचले ३,१५० च्या आसपास. युनिटला दहा रुपये धरा, साडेएकतीस हजार रुपये.

हा आकडा किती मोठा आहे, ते वाचनालयांचं अनुदान माहीत असल्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अगदी खालच्या ड वर्गातल्या ग्रंथालयाला पूर्ण वर्षासाठी ३० हजार रुपये मिळत होते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे ते ४८ हजारांवर गेलं. आमचं वाचनालय ड वर्गात नाही, पण फक्त पंखे आणि ट्यूब बदलून जे वाचतं, ते एका खेड्यातल्या वाचनालयाच्या तेव्हाच्या वर्षभराच्या अनुदानापेक्षा जास्त आहे. इतकी वर्षं ते पैसे चोक आणि पंख्यांच्या मोटारी तापवण्यात जात होते.

आणि एसी? दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड हजार वॅट घेतो. म्हणजे बारा खुर्च्यांच्या काचेच्या खोलीतला एक एसी आणि उरलेल्या अख्ख्या हॉलचे पंखे-दिवे यांची तुलना केली तर एसी दुपटीपेक्षा जास्त. शिवाय एसीची गरम हवा कुठेतरी सोडावी लागते. काकांच्या नकाशात ती बाहेरच्या व्हरांड्यात सुटत होती, जिथे फुकट पेपर वाचणारे बसतात.

हे वाक्य मी बैठकीत बोलले तेव्हा जरा शांतता झाली. मला टोमणा मारायचा नव्हता. नकाशावर तसंच होतं.

अजून दोन गोष्टी इलेक्ट्रिशियन म्हणून सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि जुना पंखा बैलगाडीच्या चाकासारखा फिरतो. बीएलडीसी पंखा कमी व्होल्टेजलाही आपला वेग धरून ठेवतो. आणि लोड कमी झाल्यावर तोच इन्व्हर्टर, तीच बॅटरी, जी आधी दोन तास पुरायची ती पाच तासांच्या आसपास पुरते. पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की वाचनालय बंद करून सगळ्यांना घरी पाठवायचे. त्या दोन आणि पाच तासांमध्ये आमच्या गावाची शेवटची एसटी येते.

काही कामांना तर पैसेच लागले नाहीत. खिडक्यांसमोर पुस्तकांची कपाटं उभी होती, म्हणून सकाळी दहा वाजताही दिवे लावावे लागायचे. वरचे झरोके तैलरंगाने चिकटून बंद झाले होते. ग्रंथपाल ताई, मी आणि तीन मुलं, आम्ही एका रविवारी कपाटं हलवली आणि पटाशीने झरोके मोकळे केले. वर साचलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाट मिळाली. उजेड थेट टेबलांवर आला. एका आजोबांनी तक्रार केली की त्यांची नेहमीची जागा आता डोळ्यांवर येते. त्यांना दुसरी खुर्ची दिली.

*

उन्हाळा हा आमच्या पुस्तकांचा शत्रू नाही. पुस्तकांचा शत्रू जून ते सप्टेंबर आहे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्या कितीतरी वर असते. इथे एसीचा अजून एक घोटाळा होतो. दिवसा खोली बंद करून थंड करायची आणि रात्री एसी बंद करून घरी जायचं, यात आतली हवा रोज कोरडी-ओली होत राहते. थंड झालेल्या भिंतीवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बाहेरची दमट हवा आली की दव धरतं. चोवीस तास एसी चालवणं ज्यांना परवडतं त्यांची गोष्ट वेगळी. आम्हाला परवडत नाही.

त्यापेक्षा भिंत कोरडी ठेवणं स्वस्त. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी घेतो आणि सोडतो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ओल बाहेर पडायची. आता त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग चढतो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागाच नाही, मग ते खोलीच्या बाजूने फुगे काढतं, पापुद्रे सोडतं. आमच्या मागच्या भिंतीला तेच झालं होतं आणि नेमकी तिलाच चिकटून कादंबऱ्यांची कपाटं होती. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर न पडता लांब पडेल अशी छपराची पावळी पुढे काढणं, जोत्याभोवती गटार मोकळं ठेवणं, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, कपाटाच्या पाठीला भोकं पाडणं. ही कामं एस्टिमेटमध्ये लिहिली की हास्यास्पद वाटतात. दिसायला काहीच नाही. ग्रंथपाल ताई मात्र म्हणाल्या, "एवढं झालं तरी डांबरगोळ्यांचा खर्च निम्मा होईल."

आणि मग पूर. महाडमध्ये कुठल्याही इमारतीबद्दल बोलताना पुराला वगळून बोलता येत नाही. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूरवरून उतरते आणि महाडला तिला गांधारी मिळते. वर जे पडतं ते खाली येतं. २२ जुलै २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूण बुडालं आणि तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही. १८६४ पासूनचं ते वाचनालय, २००५ च्या पुरातही बुडालेलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, त्याने अख्खं साहित्य संमेलन गावात भरवलं होतं. दोन पुरांनंतरही ते उभं आहे, यावर कोकणातल्या प्रत्येक वाचनालयाने थोडा विचार करावा.

ज्यांनी पुरातलं पुस्तक हातात घेतलं नाही त्यांना सांगते, ते भिजलेलं पुस्तक नसतं. ते गाळाचं विटेसारखं ढेकूळ असतं. गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवता येत नाहीत. वाळवायला ऊन लागतं आणि जुलैत ऊन नसतं.

म्हणून मी माझ्या यादीत 'ऊर्जा' या सदराखाली एक ओळ लिहिली: मीटर, मेन स्विच, इन्व्हर्टर आणि बॅटरी माळ्यावर हलवणे. तळमजल्यावरचे प्लग छातीच्या उंचीवर घेणे. पाणी उतरल्यावर वायरिंग वाचलेलं असेल तर इमारत काही दिवसांत उघडते; नसेल तर काही महिन्यांनी. आणि दुर्मीळ पुस्तकं, जुनी रजिस्टरं खालच्या कप्प्यातून वर. हेही नूतनीकरणच.

सोलरबद्दल मात्र मला माझ्याच धंद्यातला एक गैरसमज खोडावा लागला. समितीतल्या एका गृहस्थांना वाटत होतं की पॅनेल बसवलं की लाइट गेली तरी वाचनालय चालू राहील. नेहमी बसवतात ते ऑन-ग्रिड सोलर महावितरणची लाइट गेली की आपोआप बंद पडतं. ते तसंच केलेलं असतं, नाहीतर पोलवर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या पॅनेलचा करंट बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ती महाग असते. पण पंखे-दिव्यांचं लोड ६८० वॅटवर आणलं असेल तर दोन किलोवॅटचे पॅनेल आणि मध्यम बॅटरी पुरते. आधी १,७३२ वॅट असताना हेच सोलर दुपटीहून मोठं घ्यावं लागलं असतं. लोक आधी सोलर घेतात आणि मग पंखे बदलतात. क्रम उलटा हवा.

पुरानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, आणि रेंज आली तिथे फोनला चार्जिंग नव्हतं. माणसं आपण जिवंत आहोत एवढं सांगायला चार्जर शोधत फिरत होती. ज्या इमारतीत माळ्यावर बॅटरी आहे, छपरावर पॅनेल आहे आणि जिचं दार सगळ्यांना उघडं आहे, अशी एक जरी इमारत प्रत्येक पेठेत असती तर?

पॅनेल चढवण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट, हे मी लाल अक्षरात लिहिलं होतं. त्यावर वाद झाला नाही. महाडमध्ये तो होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसकट वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. जुनं म्हणून पडतं आणि नवं म्हणून टिकतं असं काही नसतं, हे आम्ही दोन्ही बाजूंनी शिकलोय. कोणीतरी नियमित बघत होतं का, एवढाच प्रश्न असतो.

*

बैठकीत शेवटी अडलं ते एसीवरच. काका म्हणाले, "तुझं सगळं पटतं. पण देणगीदाराला पाटी लावायला काहीतरी दिसतं लागतं गं. छपरावर कोण चढून बघणारे?"

"पाटी छपराखालीच लावू, काका," मी म्हटलं. "खाली बसणारे सगळे वाचतील."

हसले. पण प्रश्न खरा होता. मी घरी आल्यावर त्यावर बराच विचार केला. फी घेऊन चालणाऱ्या अभ्यासिका हव्यातच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वाचनालयातला सगळ्यात चांगला कोपरा फी भरणाऱ्यासाठी राखून, त्याची गरम हवा फुकट बसणाऱ्याच्या अंगावर सोडायची, हे पाटीवरच्या नावाशी जुळत नाही. पाटीवर 'सार्वजनिक' लिहिलंय.

या गावात तो शब्द हलका नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सरकारी पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो शब्द पहिल्यांदा कागदावरून उतरला. आणि हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. त्या लढ्याची पंख्याशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण ज्या गावाने जगाला दाखवलं की पाटी लावल्याने जागा सार्वजनिक होत नाही, त्या गावात आपण निदान एवढं तरी विचारावं: इथे कोणाला, किती वेळ, काही न देता बसता येतं? माझ्या लेखी वाचनालयाच्या ऊर्जा बचतीचं खरं माप युनिट नाही. एका युनिटमागे किती माणसं किती तास बसली, हे आहे.

त्याच १९२७ मध्ये भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्यासाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली गेलं; सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला होता. आमच्या जिल्ह्यात तयार झालेली ती वीज तारांवरून मुंबईला गेली. आमच्या भागातल्या गावांत दिवा लागायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. माझ्या आजीने चाळिशी उलटल्यावर घरात पहिला बल्ब पाहिला. कदाचित म्हणून असेल, पण रिकाम्या खोलीत चालू असलेला पंखा मला अजूनही बघवत नाही.

शेवटी ठरलं ते असं. पैसे एकदम न खर्चता तीन टप्पे. पहिल्यात पत्रा, पावळी, भिंतीची ओल, पंखे आणि दिवे. दुसऱ्यात मीटर-मेन स्विच माळ्यावर आणि ऑडिट. तिसऱ्यात सोलर. एसीचं काम रद्द केलं नाही, पण यादीत सगळ्यात खाली गेलं, आणि झालंच तर आधी जुन्या पुस्तकांच्या एका लहान खोलीत आर्द्रता काढणारं यंत्र बसवायचं, असं काकांनीच सुचवलं. दर्शनी भागाची शीट सगळ्यांनी मिळून विसरली.

पहिला टप्पा पावसाआधी झाला. हॉल थंडगार झाला असं म्हणणार नाही. मे महिन्यात तो गरमच असतो. पण सात वाजता आता लोक उठून बाहेर व्हरांड्यात येत नाहीत. पावसाळ्यात मागची भिंत पहिल्यांदाच कोरडी राहिली, एक कोपरा सोडून. तिथे पत्र्याचा जोड पुन्हा करावा लागणार आहे. बिल कमी आलं, पण हिशेबात मांडलं होतं तेवढं कमी नाही, कारण वाचनालय संध्याकाळी आठऐवजी साडेनऊला बंद होतं. वाचलेल्या युनिटातले काही युनिट असे माणसांवर खर्च झाले. हा तोटा मी आनंदाने लिहून घेतला.

मुली मात्र अजून साडेसातलाच उठतात. मी विचारलं तर पहिल्यांदा कोणी बोलेना, मग एकीने सांगितलं: मागच्या बाजूच्या संडासाला जायच्या वाटेवर दिवा नाही आणि आतली कडी लागत नाही. एवढे वॅट आणि युनिट मोजून मी ही गोष्ट एस्टिमेटमध्ये धरली नव्हती, कारण मला दिलेल्या यादीत संडास नव्हता आणि तो कधीच कोणाच्या यादीत नसतो. नऊ वॅटचा बल्ब आणि एक कडी. पुढच्या बैठकीत सोलरचा विषय आहे. ग्रंथपाल ताईंनी अजेंड्यावर त्याच्या वर हा विषय लिहून ठेवलाय.